समुद्राचें सोंवळें

जालन्याहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांचे चिरंजीव व सूनबाई यांनीं गेल्या हिवाळ्यांत तारकर्लीस राहून पाठीवर हवेची नळकांडी बांधून पाण्याखालीं विहार करण्याची, म्हणजे स्कूबाची, विद्या शिकून घेतली. दोघांस प्रमाणपत्रें मिळालीं. आतां थोरल्या मुलाकडे अमेरिकेंत जावयाचें आहेच, तर तेथून एखाद्या कॅरिबियन बेटावर जाऊन समुद्रांत उतरावें, असा त्यांचा बेत आहे. "घरांत दोन तट पडले आहेत," असें त्या लिहितात. "मामंजी म्हणतात, ज्या गांवीं उन्हाळ्यांत कुंडलिकेचें पात्र कोरडें पडतें, तेथल्या पोरांना समुद्राच्या तळाशीं काय काम? मुलें म्हणतात, आम्हांस परीक्षा देऊन परवाना मिळाला आहे. आम्हीं बायकांनीं कोणाची बाजू घ्यावी?"

आमच्या मतें मामंजींची भीति खोटी नाहीं. मात्र ती चुकीच्या जागीं आहे. वडील मंडळींना मासे, लाटा आणि खोली यांचें भय वाटतें. या विद्येंतील खरा शत्रु निराळा, व तो म्हणजे घाई.

हें नीट समजण्यास थोडें पदार्थविज्ञान पुरे आहे. दहा मीटर खोल गेलें कीं शरीरावरील दाब जमिनीवरील दाबाच्या दुप्पट होतो. १९४३ सालीं कूस्तो व गान्यां या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं जें यंत्र सिद्ध केलें, तें त्या त्या खोलीच्या दाबाची हवा मागतांच पुरवितें; म्हणून तेथें श्वास घेतां येतो. परंतु दहा मीटरांवर छातीभर घेतलेला श्वास कोंडून कोणी वर आला, तर ती हवा दुप्पट फुगूं लागते व फुफ्फुस फाटतें. म्हणून पहिला नियम हा, कीं श्वास कधींही रोखूं नये. दुसरें असें, कीं दाबाखालीं हवेंतील नायट्रोजन रक्तांत विरघळतो. माणूस झपाट्यानें वर आला, तर सोड्याची बाटली एकदम उघडल्यावर जसे बुडबुडे येतात, तसे ते अंगांत उठतात. यासाठीं मिनिटास नऊ मीटरांहून अधिक वेगानें वर येऊं नये, आणि पांच मीटरांवर तीन मिनिटें थांबावें.

आतां प्रमाणपत्राविषयीं. पहिल्या परीक्षेचें प्रमाणपत्र अठरा मीटरांपर्यंत जाण्याची मुभा देतें, आणि तीहि ज्या प्रकारच्या पाण्यांत शिक्षण झालें तसल्याच पाण्यांत. नव्या वकिलास सनद मिळाली म्हणजे तो लागलीच मोठा खटला चालवूं लागत नाहीं. तेव्हां मे महिन्यापूर्वीं दिवाळीच्या सुटींत या जोडप्यानें पुन्हा मालवणास जावें आणि जाणत्या शिक्षकाबरोबर आठ-दहा वेळां तरी उतरावें. पावसाळ्यांत तें पाणी बंद असतें. दिवाळीच्या सुमारास तें निवळूं लागतें. तेथें १९८७ सालीं सागरी अभयारण्य झालें आहे, शेजारीं शिवछत्रपतींचा सिंधुदुर्ग आहे, आणि पोवळीं व रंगीत मासे पाहण्यास सातासमुद्रांपलीकडे जावें लागत नाहीं. मालवणचें पाणी कॅरिबियनइतकें नितळ नसतें, हाच त्याचा गुण. गढूळ पाण्यांत शांत राहावयास शिकलेला माणूस स्वच्छ पाण्यांत सहसा घाबरत नाहीं.

बेटांपैकीं नवशिक्यांस आम्ही व्हेनेझुएलाच्या उत्तरेस असलेलें, डच अधिकाराखालील बोनेअर सुचवूं. कॅरिबियनमध्यें जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम असतो. तेव्हां मे महिना बरा, आणि बोनेअर तर वादळांच्या नेहमींच्या वाटेच्या दक्षिणेस आहे. तेथें किनाऱ्यापासून थोडें पोहून गेलें कीं प्रवाळांची भिंत लागते. उतरण्याच्या जागा रस्त्याकडेला पिवळ्या दगडांनीं दाखविल्या आहेत. १९७९ पासून तेथें सागरी उद्यान आहे व त्याचे नियम कडक आहेत. प्रत्येक पाहुण्यास, मग तो कितीहि जुना पाणबुड्या असो, आधीं एक चांचणीची डुबकी घ्यावी लागते. हातमोज्यांस बंदी, प्रवाळास स्पर्श करण्यास बंदी. आपल्या घरांत सोंवळ्यांतल्या भांड्याला कोणी हात लावीत नाहीं. तसेंच समुद्राचेंहि सोंवळें आहे म्हणावें. व्हिसाची आणि या खेळाच्या अपघाताच्या निराळ्या विम्याची तजवीज मात्र आधींच करावी.

परतीचाहि हिशेब पाहिजे. अनेक दिवस डुबक्या घेतल्यावर निदान अठरा तास विमानांत बसूं नये; आम्ही तर पुरी एक अहोरात्र मोकळी ठेवावी असें सांगूं. जालनेकरांनीं हाच नियम घरच्या वाटेवरहि पाळावा. मालवणाहून निघून आंबोलीकडून वर यावें तर सुमारें सातशें मीटर चढ आहे. डुबकी घेऊन त्याच सायंकाळीं घाट चढण्यापेक्षां रात्रभर कोंकणांतच विसावा घ्यावा.

शेवटची गोष्ट पत्र लिहिणाऱ्या भगिनीसाठींच. उतरण्यापूर्वीं प्रकृतीचा एक कागद भरून द्यावा लागतो. दमा आहे काय, कान दुखतो काय, हृदयाचा विकार आहे काय, स्त्री गरोदर आहे काय, असे त्यांत प्रश्न असतात. गरोदरपणीं हा खेळ सर्वथैव वर्ज्य आहे. आपल्या एकत्र कुटुंबांत सून असल्या गोष्टी चारचौघांत बोलत नाहीं, आणि मुलगाहि लहानपणचा दमा "आतां कांहीं नाहीं" म्हणून लपवितो. म्हणून तो कागद ज्यानें त्यानें एकांतांत, खरा भरावा. वाटल्यास डॉक्टरांस दाखवावा, आणि घरांतील कोणीं त्यांत डोकावूं नये. निर्जळी एकादशी असेल तर त्या दिवशीं पाण्यांत उतरूं नये; अंगांत पाणी कमी पडलें कीं धोका वाढतो.

तेव्हां बाजू कोणाची घ्यावी? आमचें उत्तर असें, कीं परवानगी द्यावी, पण तिच्याबरोबर आणखी एक मोकळीक द्यावी. दहा हजार मैल जाऊन, पैसे भरून, पोषाख चढवून झाल्यावरहि ऐन वेळीं मन कचरलें, तर सूनबाईनें "आज नको" म्हणावें, आणि परत आल्यावर घरांत तिला कोणीं त्यावरून हंसूं नये. मामंजींनीं हें वचन आपल्या तोंडानें दिलें, तर त्यांच्या भीतीचेंहि सार्थक होईल.