बक्षीस आणि भांडवल

ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकून आलेल्या क्रिकेट संघाला महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये ११ कोटी रुपये जाहीर केले, तेव्हा मुंबईच्या चिराग शेट्टीने जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. मे २०२२ मध्ये बँकॉक येथे इंडोनेशियाला ३-० असे नमवून भारताने प्रथमच थॉमस चषक जिंकला, त्या संघात महाराष्ट्राचा तो एकटाच खेळाडू होता. राज्य सरकारने सर्व खेळांना समान वागणूक द्यावी, एवढेच त्याचे म्हणणे. ते रास्तच होते. सरकारची उदारता टाळ्यांचा आवाज मोजून ठरते, हे काही नवे नाही.

परंतु प्रश्न बक्षिसापाशी संपत नाही. दुहेरीच्या खेळाडूचे अर्थकारणच मुळात तोकडे आहे. जून २०२३ मध्ये सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी व चिराग यांनी जकार्ता येथे इंडोनेशिया खुली स्पर्धा जिंकली. त्या स्पर्धेत एकेरीच्या विजेत्यास ८७,५०० डॉलर, तर दुहेरीतील विजेत्या जोडीस ९२,५०० डॉलर होते. म्हणजे घाम तितकाच आणि मोबदला जवळपास निम्मा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत या जोडीने बॅडमिंटनमधील भारताचे पहिले सुवर्णपदक मिळवले. प्रदीप गंधे व लेरॉय डिसा यांनी १९८२ साली दिल्लीत दुहेरीचे कांस्यपदक जिंकले होते. त्यानंतर सुवर्णापर्यंत पोहोचण्यास ४१ वर्षे गेली.

ही फळे जेथे लागली त्या झाडाचे खतपाणी पाहावे. मुंबईत उदय पवार यांच्यासारखा प्रशिक्षक, पुढे हैदराबादेतील गोपीचंद यांची अकादमी, जोडी जुळवून देणारा मलेशियन मार्गदर्शक तान किम हर, वारा न शिरणारे बंदिस्त सभागृह, आणि सोळा पिसांची शटले, जी वरच्या दर्जाच्या खेळात काही फटक्यांतच निकामी होतात. हे सारे भांडवल पहिले पदक मिळण्याच्या कितीतरी वर्षे आधी गुंतवावे लागते. ती जोखीम कुटुंब उचलते. सरकार येते ते निकाल लागल्यावर, हार घेऊन.

आता मुंबईपासून शे-सव्वाशे किलोमीटरवरील जव्हार-मोखाड्याकडे वळावे. १९९२-९३ साली वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. २०१४ मध्ये पालघर हा वेगळा जिल्हा झाला, तरी भाताची कापणी उरकली की वारली, कोकणा, कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात आणि मुलेही पाठोपाठ जातात. मोखाड्यातील कोचाळे येथे बांधलेल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते, आणि वैशाखात मोखाड्याच्याच पाड्यांवरील बाया टँकरची वाट पाहतात. महानगरातील क्रीडासंकुलांची तहान भागवणाऱ्या तालुक्याला त्या संकुलाच्या दारात मात्र स्थान नाही.

जेथे मुलांना पोटभर अन्न नाही तेथे बॅडमिंटन कसले, असे कोणी विचारील. हा आक्षेप वरवर करुणेचा वाटतो. वस्तुतः गरिबाने भाकरीपलीकडे काही मागू नये, हेच त्यातले गृहीतक होय. शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरचे रौप्यपदक जिंकले. त्या डोंगरात दमसास नाही असे कोण म्हणेल? धावण्याला निदान पायवाट पुरते. शटलला छप्पर लागते, आणि दुहेरीला तर वर्षभर गावात टिकणारा जोडीदार लागतो. जोडीतला एक मुलगा कार्तिकात भिवंडीच्या भट्टीवर गेला, तर दुसऱ्याने सराव कोणाबरोबर करावा?

म्हणून मागणी बक्षिसांच्या समानतेवर थांबता कामा नये. रोजगार हमीची कामे दिवाळीनंतर लगेच गावातच निघावीत आणि मजुरी वेळेवर हाती पडावी. आईबाप कामासाठी बाहेर गेलेच, तर मुलांना मागे राहता येतील अशी हंगामी वसतिगृहे हवीत. आश्रमशाळेच्या ताटात रोज अंडे व डाळ हवी, आणि तिच्या आवारात चार भिंतींचे एक उंच सभागृह, पगारी प्रशिक्षकासह. ११ कोटींत अशी किती सभागृहे उभी राहिली असती, याचा हिशेब अर्थखात्याने आदिवासी विकास खात्याशेजारी बसून एकदा मांडावा.