सोन्यापायीं दुभंगलेलें गांव

रुमानिया देशांत, ट्रान्सिल्व्हानियाच्या डोंगरांत, रोशिया मोंताना नांवाचें गांव आहे. तेथील सोनें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत रोमन लोकांनीं काढिलें. त्यांचे बोगदे आजही पाहावयास मिळतात. त्या बोगद्यांत मेण लाविलेल्या लांकडी पाट्या सांपडल्या असून त्यांवर त्या काळचे करारमदार लिहिलेले आहेत. इ. स. १५९ मधील एक पाटी चक्क अर्ध्या घराचें खरेदीखत आहे! अर्धेंच घर विकण्याची वेळ कां आली, हें पाटी सांगत नाहीं. वांटणीचा अनुभव असलेल्या आमच्या वाचकांस तर्क करितां येईल.

त्याच गांवांत अलीकडे पुन्हां घरांच्या विक्रीवरून दुही माजली. गेल्या शतकाच्या अखेरीस एका कॅनेडियन कंपनीनें तेथील सरकारशीं भागीदारी करून मोठी उघडी खाण काढण्याचा बेत केला. चार डोंगर फोडून सुमारें ३०० टन सोनें सायनाइडच्या साहाय्यानें वेगळें करावयाचें, आणि उरलेला गाळ शेजारच्या कोर्ना खोऱ्यांत धरण बांधून सांठवावयाचा. तेथील वस्ती अर्थातच उठणार. सन २००० च्या जानेवारींत त्याच देशांत बाया मारे येथील बांध फुटला होता, आणि सायनाइडच्या पाण्यानें तिसा नदींत पार हंगेरीपर्यंत मासे मेले होते. विरोधकांचें भय पोकळ नव्हतें.

तथापि खाण मागणारे तेवढे लोभी व विरोध करणारे तेवढे साधु, ही सोपी विभागणी आम्हांस मान्य नाहीं. गांवची जुनी सरकारी खाण २००६ सालीं बंद पडली. ज्यांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा, त्यांनीं चूल कशावर पेटवावी? दुसरा उद्योग काढावा म्हटलें, तर २००२ सालच्या आराखड्यानें गांव खाणीसाठीं राखून ठेविलेलें. सगळे दरवाजे लावून घ्यावयाचे आणि एक उघडा आहे म्हणून सांगावयाचें, यास निवड म्हणावें काय? कोणी घर विकून आल्बा यूलिया शहरांतील नव्या वसाहतींत गेले, कोणी हटून बसले. एकाच्या नकारानें दुसऱ्याची नोकरी जावयाची, आणि एकाच्या होकारानें दुसऱ्याचा शेजार.

२०१३ सालीं राजधानीच्या रस्त्यांवर हजारों लोक उतरले व खाणीसाठीं आणलेला खास कायदा बारगळला. २०२१ सालीं युनेस्कोनें हें स्थळ जागतिक वारशांत घेतलें. कंपनीचा भरपाईचा दावाही आंतरराष्ट्रीय लवादानें २०२४ सालीं फेटाळला. सोनें भूमींतच राहिलें. कंपनीनें विकत घेतलेलीं कित्येक घरें मात्र त्यापूर्वींच पाडून झालीं होतीं.