पुण्यातच "आली मुंबई, उतरा!"

रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सोलापूरहून निघालात, तिकीट मुंबईचं, आणि पुढचा रूळ सापडेना म्हणून गार्डने पुण्यातच "आली मुंबई, उतरा" म्हटलं तर? "काय बे, येडं समजलास का?" असं विचारल्याशिवाय आपण सोडणार नाही. पण पोस्टग्रेस हा डेटाबेस कित्येक वर्षं नेमकं हेच करत होता!

समजा दुपारी 3:10 ला कुणीतरी फीचं टेबल उडवलं. आपण कालचा बॅकअप घेतो, त्यावर वॉल फाइल्स (यात प्रत्येक बदलाची नोंद असते) चढवत जातो आणि सांगतो, 3:09 ला थांब. मधलीच एक फाइल आर्काइव्हमध्ये नसली तर? पूर्वी सर्व्हर 2:20 पर्यंत जायचा आणि गुपचूप चालू व्हायचा. मधल्या पावत्या गायब, आणि ऑफिसातली मंडळी त्यावरच नवीन नोंदी करायला बसलेली! सप्टेंबर 2020 मध्ये आलेल्या आवृत्ती 13 पासून मात्र टार्गेट गाठता आलं नाही, तर तो फेटल एरर देऊन थांबतो.

काहींना हे आवडत नाही. "होता तेवढा डेटा तरी द्यायचा ना!" मला हे पटत नाही. थांबलेल्या सर्व्हरला हरवलेली फाइल शोधून दिली की तो पुढे चालू लागतो. एकदा का तो चालू झाला, की नवी टाइमलाइन बनते, मग बसा परत पहिल्यापासून बॅकअप चढवत. आणि फाइल खरंच गेली असेल तर टार्गेट काढून टाकता येतंच की! फक्त ते माणसाने ठरवायचं. (शेवटच्या व्यवहारानंतरची वेळ दिली तरी हाच एरर येतो, हे मात्र वैतागाचं आहे.)

24 फेब्रुवारी 2021 ला मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने 11:40 ला व्यवहार थांबवले, कारण जोखीम तपासणारी यंत्रणा बंद पडली होती. थांबवले ते बरोबरच. लोक चिडले ते पर्यायी केंद्रावर न गेल्यामुळे, कारण व्यवहार सुरू व्हायला 3:45 वाजले. मार्चमध्ये सेबीने नियमच केला: अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करा, पुढच्या 45 मिनिटांत पर्यायी केंद्रावरून सुरू करा, आणि 15 मिनिटांहून जास्त डेटा जाता कामा नये.

आमच्या डीबीएमएसच्या फाइलमध्ये जॉइन्सची पानंच्या पानं आहेत, रिस्टोअरचं एकही नाही. लॅबमधल्या एखाद्या जुन्या पीसीवर मुद्दाम एक वॉल फाइल उडवून प्रत्येक बॅचला हा एरर बघायला द्यावा, अशी सरांना विनंती आहे. व्हायव्हात विचारलं तरी चालेल!