गाणे आपले, नाव कोणाचे? ऐकायलाच हवेत असे काही स्वतंत्र अल्बम

१४ एप्रिलची मिरवणूक आठवा. डीजेच्या गाडीवर भीमगीत सुरू असते, पोरे बेभान नाचत असतात. त्यातल्या एखाद्याला विचारा, हे गाणे लिहिले कोणी? दहापैकी नऊ जणांना सांगता येणार नाही.

आपल्या लोककवींना हा धोका माहीत होता. म्हणूनच शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफायची रीत त्यांनी पाळली. वामनदादा कर्डकांच्या (१९२२–२००४) कितीतरी गीतांत ‘वामन’ असा भेटतो. ही नाममुद्रा म्हणजे कवीची सही. आज डीजेच्या मिक्समध्ये मुखडा राहतो, ठेका राहतो आणि नेमके शेवटचे कडवे कापले जाते. ज्याने समाजाला आवाज दिला त्याचे नाव समाजाच्याच मिरवणुकीतून गळून पडते.

हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. तमिळ कवी-रॅपर अरिवु याचे उदाहरण ताजे आहे. मार्च २०२१ मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ हे गाणे आले आणि देशभर गाजले. त्यामागची कहाणी अरिवुची आजी वल्लियम्माळ यांची. त्या श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या भूमिहीन मजूर. १९६४ च्या शास्त्री–सिरिमावो करारानुसार असे सव्वापाच लाख तमिळ मजूर भारतात पाठवायचे ठरले होते. पिढ्यान्‌पिढ्या मळे फुलवूनही हाती जमिनीचा तुकडा नाही, ही त्या गाण्याची वेदना आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये एका संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर या गाण्याचा उल्लेख होता, पण अरिवु नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला, तेव्हा मासिकाने अरिवुचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ काढले. जुलै २०२२ मध्ये चेन्नईत बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात हेच गाणे त्याच्याशिवाय सादर झाले. त्यावर अरिवुने आपली बाजू जाहीरपणे मांडली. गायिका धी आणि संगीतकार संतोष नारायणन यांनी श्रेय नाकारल्याचा आरोप फेटाळला. तो वाद बाजूला ठेवला तरी पुढची गोष्ट नजरेआड करता येत नाही. मार्च २०२४ मध्ये खुद्द संतोष नारायणन यांनीच सांगितले की या गाण्याच्या कमाईतला एक पैसाही तिघांपैकी कोणाला मिळालेला नाही. एवढे गाजलेले गाणे आणि कलावंतांचे हात रिकामे!

अरिवुने पुढे काय केले, हे आपण ऐकायला हवे. २०२४ मध्ये त्याने ‘वल्लियम्मा पेरांडी’ हा अल्बम आणला. अर्थ सरळ आहे : वल्लियम्माचा नातू. आजीचे नाव त्याने थेट अल्बमच्या माथ्यावर लावले. आपल्या भाषेत सांगायचे तर शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा त्याने मुखपृष्ठावर आणली. त्याआधीचा, ऑफ्रो या संगीतकारासोबतचा ‘तेरुकुरल’ (२०१९) हा अल्बमही जरूर ऐका. तेरु म्हणजे रस्ता, कुरल म्हणजे आवाज. तमिळ अभिजात ग्रंथ ‘तिरुक्कुरल’च्या नावाशी खेळत त्याने रस्त्यावरच्या माणसाला तेवढाच मान दिला आहे. भाषा कळत नसेल तर आधी नुसते ऐका, मग अर्थ शोधा.

अरिवु ज्यातून पुढे आला तो ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा समूह तर आपला नातेवाईकच म्हणायला हवा. पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या समूहाचा पहिला कार्यक्रम जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत झाला. समूहाचे नाव पंडित अयोथी दास यांच्या ‘जातीविना तमिळ’ या कल्पनेवरून आलेले आहे. अयोथी दास म्हणजे १८९८ मध्ये मद्रासला शाक्य बौद्ध सोसायटी स्थापन करणारे विचारवंत. बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या ५८ वर्षे आधीची ही गोष्ट!

या समूहाच्या संगीतात उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतला ‘गाना’ आहे, रॅप आहे, रॉक आहे आणि पराई आहे. पराई हे आपल्या हलगीच्या जातकुळीतले चर्मवाद्य. मयताला ते वाजवायची सक्ती दलितांवर होती, म्हणून वाद्यही विटाळले. आपल्याकडे गावकी सोडताना वाडवडिलांनी गावकीसाठी वाजवणेही सोडले आणि ते योग्यच केले. हुकुमावरून वाजवणे ही गुलामी होती. पण आपल्या मर्जीने, आपल्या मंचावर, आपले शब्द घेऊन वाजवणे ही वेगळी गोष्ट आहे. हा फरक हा समूह ऐकवून पटवतो.

महाराष्ट्रात यायचे तर मुंबईच्या ‘स्वदेशी’ या हिप-हॉप समूहाचा ‘चेतावणी’ (२०२०) हा अल्बम घ्या. एकाच समूहात अनेक भाषा, आणि त्यात एमसी मवालीची मराठी. त्यांचे ‘द वारली रिव्होल्ट’ (२०१९) हे गाणे आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबतचे आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरेत दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. याच समूहाशी जोडलेला अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आपले नाव शंभरचा आकडा आणि इंग्रजी अक्षरे जोडून लिहितो. त्याचा वऱ्हाडी बाज ऐकताना विदर्भातल्या वाचकांना घरचे वाटेल.

आता पैशाचे बोलू. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा आहे की, मागच्या १२ महिन्यांत एखादे गाणे १,००० वेळा ऐकले गेले नसेल तर त्याचा मोबदला दिला जात नाही. नव्या कलावंताला हा उंबरठा फार उंच असतो. पण आपल्यासाठी हिशेब सोपा आहे : एका वस्तीतल्या शंभर जणांनी वर्षातून दहा वेळा ऐकले की हजार झाले. तेच गाणे व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल म्हणून फिरले तर लाखो कानांवर पडूनही कलावंताच्या खात्यात शून्य. बँडकॅम्पवर अल्बम विकत घेता येतो आणि तिथे डिजिटल विक्रीतला साधारण १५ टक्के वाटा कंपनी ठेवते, बाकीचा बराचसा भाग कलावंताला जातो.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला हक्क एकरकमी रक्कम देऊन कायमचा काढून घेता येत नाही. पण त्यासाठी करार वाचावा लागतो आणि इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीसारख्या संस्थेत नोंदणी करावी लागते. आपल्या वस्त्यांत गाणी लिहिणाऱ्या किती तरुणांनी ती केली आहे? जयंती मंडळांनी डीजेवर होणाऱ्या खर्चातला छोटासा भाग वस्तीतल्या एका तरुण गीतकाराच्या ध्वनिमुद्रणाला आणि नोंदणीला दिला, तर पुढच्या पिढीचा वामन निनावी राहणार नाही.

निदान एवढे तरी करूया. येत्या जयंतीला प्रत्येक गाण्याआधी माईकवरून कवीचे आणि गायकाचे नाव घ्या. आणि शेवटचे कडवे कापू नका.

जयभीम!