दारुड्याला शिव्या नकोत, परिचारिका हवी

उसाच्या हंगामात दिवसभर कोयता चालवून ज्याचे अंग मोडते, तो रात्री बाटलीला हात घालतो. अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस पुरविणाऱ्या मुलखाला हे सांगावयास नको. घरची बाई त्याला देवऋष्याकडे नेते. कोंबडे जाते, पैका जातो, दारू मात्र जात नाही. पुढे दवाखान्यात नेले, तर त्याची जात नि बोली ऐकून शिकलेले साहेब नाक मुरडतात. एक लुबाडतो, दुसरा हिणवतो. मग भिल्लाने, कुणब्याने, लोहाराने जावे कोठे?

बांधवांनो, मुरलेली दारू एकाएकी तोडली तर झटके येऊन जीवही जातो. तेथे शपथ पुरत नाही, औषध लागते. सन २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा व्यसनाच्या मनोविकारास आजारच म्हणतो. जात, संस्कृती न पाहता, रोग्यास व घरच्यांस रुचेल अशा रीतीने उपचार मिळणे हा त्यात हक्क आहे, भीक नव्हे!

न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी शिकविले की, सेवा मानाची झाली की नाही हे रोग्याने ठरवावे. सन १९९२ पासून तेथील परिचारिकांना हा धडा अभ्यासक्रमातच आहे. कॅनडात तर विशेष शिकलेली परिचारिका स्वतः रोग ओळखून औषध लिहिते.

आमच्या कायद्याने मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञांची भरती पुरी करण्याचा यत्न दहा वर्षांत करण्यास सरकारला बजावले. ती मुदत २०२८ साली भरते. सरकार, आमच्याच लेकींना हे शिक्षण आणि अधिकार द्या! तोवर, बांधवांनो, १४४१६ वर फोन करा. त्याला दाम पडत नाही.