खरजेला जळकं ऑइल? ही कसली जीवदया!

मेहरूण तलावाकडे फिरताना खरजेने केस झडलेलं कुत्रं दिसलं की आपल्यातलीच कोणी म्हणते, "जळकं ऑइल लावा." कुत्रं ते चाटतं, विष पोटात जातं. खरूज, बुरशी, ॲलर्जी वरून सारखीच दिसते. कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली पाहिल्यावर निदानाला मदत होते. मांजरीच्या कानात घरचं तेलही ओतू नका. पडदा फाटलेला असेल तर इजा वाढते. कुत्र्याचं परमेथ्रिन तर मांजरीच्या जिवावर बेततं.

"औषधाने किडे मरतील, पाप लागेल" म्हणता? मग आपल्या लेकराला खरूज झाली तर थांबाल का? पंचेंद्रिय जीवाला तडफडत ठेवणं ही अहिंसा नव्हे, आळस आहे. पर्युषणात जीवदयेची पावती फाडतो ना? त्यातले थोडे पैसे पशुवैद्याकडे खर्च करा.