ज्याचं छप्पर त्याचाच सूर्य?

आमच्या गल्लीत साठ घरं आहेत आणि त्यांत चाळीस बॅटऱ्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मी दारोदार फिरून मोजल्या. कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या पलंगाखाली, एका घरी तर मुलांच्या दप्तरांना खेटून, वर जुनी चादर टाकून ठेवलेल्या. बहुतेक दीडशे एएचच्या, शिशाच्या, अधूनमधून पाणी घालावं लागणाऱ्या. एकेकीची किंमत चौदा-पंधरा हजार. म्हणजे ज्या गल्लीत नळाला मोटर लावायची की नाही यावर भांडणं होतात, त्या गल्लीने वीज साठवण्यासाठी सहा लाखांच्या आसपास खर्च करून ठेवला आहे. आणि चार-पाच वर्षांनी तो पुन्हा करायचा आहे.

मिळालं काय? बारा व्होल्टच्या दीडशे एएच बॅटरीत कागदावर १.८ युनिट वीज मावते. शिशाची बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरावी, असं कुठलाही इन्व्हर्टर मिस्त्री सांगेल. चाळीस घरांची बेरीज केली तर हाताला लागते छत्तीस युनिट वीज, तीही चाळीस कोपऱ्यांत वाटलेली. ज्याच्या घरी लग्नाचे पाहुणे आहेत त्याची तासात संपते, आणि शेजारचं कुटुंब गावाला गेलेलं असलं तर त्यांची भरलेली बॅटरी अंधारात तशीच पडून राहते.

हे सगळं मी अशासाठी सांगतो आहे, की 'मोहल्ल्याची एक सामाईक बॅटरी असावी' असं म्हटलं की लोक हसतात. परदेशी खूळ आहे, म्हणतात. अरे भाई, बॅटरी तर तुम्ही केव्हाच घेतली आहे. फक्त तिचे चाळीस तुकडे करून घेतले आहेत.

आता सौरऊर्जेकडे येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पीएम सूर्यघर योजना आणली. एक कोटी घरांच्या छपरांवर पॅनेल बसवायचे, त्यासाठी ७५,०२१ कोटींची तरतूद. दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३० हजार रुपये अनुदान, तीन किलोवॅट किंवा जास्त असेल तर ७८ हजार. योजना वाईट नाही. ज्यांनी पॅनेल बसवले त्यांची बिलं उतरली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्यांचा मला हेवा वाटत नाही. पण योजनेची पहिली अट वाचा. घर स्वतःचं हवं, छप्पर पॅनेल पेलणारं हवं, वीजजोडणी रीतसर हवी.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा यंत्रमागाच्या गावांत कुठल्याही जुन्या वस्तीत जा आणि ही अट घेऊन उभे राहा. किती घरं उरतात बघा. मीटर मयत दादांच्या नावावर. दादांना चार मुलं, दोन मुली, वाटणी झालेली नाही, एक चाचा सौदीत, एक फूफी सोलापूरला, आणि छपरावर कुणाचा हक्क हे ठरवायला सहा सह्या लागतात. खालच्या मजल्यावर भाडेकरू, वरच्या मजल्यावर भाडेकरूचा भाडेकरू. छप्पर म्हणाल तर पत्र्याचं, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवलेले. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. आमच्याकडे शेजारची भिंत आपल्या भिंतीच्या इतकी जवळ असते की मीठ मागायला हात पुढे केला की पुरतं. तिथे सूर्य येतो दुपारी दोन तास.

एका बेवा खालांचा अर्ज मी स्वतः भरून दिला होता. घर त्यांचंच, पण सातबारा नाही, कारण गुंठेवारीचा प्लॉट. तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला खिडकीतल्या माणसाने नम्रपणे सांगितलं की मास्तर, ही योजना या घरासाठी नाही. तो खोटं बोलत नव्हता. कागदावर ती खरोखरच त्या घरासाठी नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. सूर्य छपराच्या मालकीवर वाटायचा असेल तर आम्ही रांगेत शेवटचेच राहणार. हे फक्त मुसलमानांचं दुखणं नाही. धारावीतल्या मातंग कुटुंबाचं, पुण्याच्या वाड्यातल्या भाडेकरूचं, सोलापूरच्या विडी कामगार बाईचंही तेच आहे. वाटणीचं माप बदलायला हवं. पॅनेल जिथे मोठं, मोकळं छप्पर आहे तिथे बसवा. नगरपालिकेची उर्दू शाळा, तिच्या बाजूची मराठी शाळा, शादीखाना, दवाखाना, मशीद, समाजमंदिर. आणि त्या विजेचा दिवसाचा उरलेला भाग डीपीजवळच्या एका बॅटरीत साठवून संध्याकाळी सगळ्या गल्लीला द्या. मालक असो की भाडेकरू.

इथे शिकलेले मित्र मध्येच बोलतात. बॅटरी कशाला? नेट मीटरिंग आहे ना, दिवसा वीज ग्रीडला द्यायची, रात्री परत घ्यायची, ग्रीड हीच बॅटरी. ऐकायला छान. पण ग्रीड काहीच साठवत नाही. दुपारी तुम्ही दिलेलं युनिट त्याच क्षणी दुसऱ्या कुणीतरी वापरलेलं असतं. रात्री तुम्हाला मिळतं ते कोळसा जाळून केलेलं. हिशोबाच्या वहीत दोन्ही युनिटं सारखी दिसतात म्हणून आपला गैरसमज होतो. आता मीटर वेळेनुसार दर मोजू लागले आहेत, दिवसाचं युनिट स्वस्त आणि संध्याकाळचं महाग. वहीतली ती बरोबरी फार दिवस टिकणार नाही. ज्याच्याकडे साठवण आहे त्यालाच दुपारचं ऊन रात्री कामाला येईल.

दुसरी गोष्ट तर पॅनेल विकणारे सहसा सांगतच नाहीत. बॅटरी नसलेलं साधं सौर यंत्र ग्रीड गेलं की स्वतःहून बंद पडतं. ते तसंच बनवलेलं असतं, कारण तारेवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छपरावरच्या विजेचा झटका बसू नये. म्हणजे मे महिन्यात भर दुपारी, डोक्यावर आग ओकणारा सूर्य, छपरावर दोन लाखांचं पॅनेल, आणि घरात पंखा बंद. माझ्या एका सहकाऱ्याच्या घरी हे झालं तेव्हा त्यांच्या वालिदांनी विचारलं, 'मग हे वर काय वाळत घातलंय?' गल्लीची बॅटरी असेल आणि लाइन गेल्यावर डीपीपासून गल्ली सुरक्षितपणे वेगळी करणारा स्विच बसवला असेल, तरच तो पंखा फिरतो. हा स्विच बसवायचा की नाही, ही मागणी सुरुवातीलाच करावी लागते. मागून कुणी बसवून देत नाही.

हे कुठे झालं आहे का? झालं आहे. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातलं मोढेरा गाव ९ ऑक्टोबर २०२२ रोजी देशातलं पहिलं चोवीस तास सौर गाव म्हणून जाहीर झालं. तेराशेहून अधिक घरांवर एकेक किलोवॅटचे पॅनेल, जवळच सहा मेगावॅटचा सौर प्रकल्प, आणि त्याला जोडून पंधरा मेगावॅट-तासांची बॅटरी. सुमारे ८० कोटी ६६ लाखांचा खर्च केंद्र आणि राज्याने निम्मा निम्मा उचलला. गावकऱ्यांना कुणी म्हटलं नाही की आपापली बॅटरी आपापल्या पलंगाखाली ठेवा. दिल्लीत राणीबागेतल्या उपकेंद्रात २०२१ मध्ये ५२८ युनिटं साठवणारी वस्तीपातळीची लिथियम बॅटरी बसली. मोढेऱ्याला मिळालं याचं मला वाईट वाटत नाही. मोढेऱ्यानंतर ती गोष्ट गल्लीपर्यंत का उतरली नाही, एवढंच विचारायचं आहे.

ऑस्ट्रेलियातलं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण ते आपल्याला अगदी ओळखीचं आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात मेडो स्प्रिंग्ज नावाच्या वस्तीत २०१८ मध्ये ४२० युनिटांची एक बॅटरी बसवली. पन्नासेक घरांनी त्यात भाग घेतला. प्रत्येक घराला तिच्यात आठ युनिटांचा 'खण' मिळाला, भाडं दिवसाला एक डॉलर. दुपारी छपरावरची उरलेली वीज खणात टाकायची, संध्याकाळी काढायची. आता मला सांगा, याला आपण काय म्हणतो? बिशी! आमच्या गल्लीत बायकांच्या तीन बिश्या चालतात. वही एकीकडे, पैसे दुसरीकडे, आणि माझ्या माहितीत वीस वर्षांत एकही बुडाली नाही. फरक एवढाच की तिकडे भाग घ्यायला स्वतःचं पॅनेल लागत होतं. आपल्याला तेवढीच अट काढून टाकायची आहे.

माझा हिशोब साधा आहे, कुणीही तपासावा. संध्याकाळी सहा ते अकरा एका घराला दोन पंखे, तीन-चार दिवे, टीव्ही आणि फ्रीज मिळून दोन-अडीच युनिटं लागतात. साठ घरांना दीडशे. एक किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटं देतं. म्हणजे अडतीस-चाळीस किलोवॅट, म्हणजे चार हजार चौरस फूट छप्पर. आमच्या शाळेची गच्ची त्याहून मोठी आहे. तिच्यावर सध्या मोडके बाक आणि पतंगांचे सांगाडे आहेत. दीडशे युनिटांची बॅटरी लोह-फॉस्फेटवाली लिथियम घ्यायची. ती रोज भरून रिकामी केली तरी दहा वर्षांच्या पुढे जाते आणि इतर लिथियमपेक्षा सहजासहजी पेट घेत नाही. पेट घेतच नाही असं मी म्हणणार नाही. ती पलंगाखाली नको, शाळेच्या वर्गाला लागूनही नको. डीपीच्या कुंपणात, हवा खेळेल अशा पक्क्या खोलीत हवी.

'आपल्यात एकोपा नाही, मास्तर.' हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकतो, आणि तो बाहेरच्यांकडून नाही, आपल्याच माणसांकडून ऐकतो. एकोपा नाही तर जमातीच्या देगा कोण सांभाळतं? पाचशे माणसांची बिर्याणी शिजेल अशा देगा एकट्या कुणाच्या घरी नसतात, आणि कुणाचंही लग्न त्यांच्यावाचून अडत नाही. कुठे पोचा पडला तर कुणाकडे गेली होती हे वहीत असतं.

तरीही आक्षेपात एक खरा दाणा आहे, तो मी झटकून टाकत नाही. सहकारातून वीज वाटण्याचा प्रयोग महाराष्ट्राने केलेला आहे. श्रीरामपूरकडची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था सुमारे चाळीस वर्षं चालली आणि २०११ मध्ये थकबाकीच्या डोंगराखाली तिचं काम महावितरणकडे गेलं. बिल भरायचंच नाही आणि निवडणूक आली की माफीची वाट बघायची, ही सवय आपल्या गल्लीलाही आहे. म्हणून गल्लीची बॅटरी उधारीवर चालवूच नये. बिशीसारखं आधी टाका, मग काढा. प्रत्येक घराला आपला आकडा मोबाइलवर दिसू द्या. अध्यक्षाच्या भावाला वेगळा आकडा नाही.

आणि अध्यक्ष हा शब्द आलाच आहे तर बोलूनच टाकतो. आमच्या नेत्यांनी गेल्या दहा वर्षांत मोहल्ल्यात काय आणलं? हायमास्ट. चौकाचौकात हायमास्ट, खांबावर नाव, उद्‌घाटनाला हार. रात्रभर कबुतरं जागी राहतील इतका उजेड, आणि त्याच चौकातल्या घरात दहावीची पोरगी मोबाइलच्या टॉर्चवर भूमितीचं प्रमेय लिहिते. २०२५ मध्ये दहावीचे पेपर आणि रमजान एकत्र आले होते. माझ्या वर्गातली मुलं सहरीला उठून अभ्यास करत होती, आणि पहाटे चारला लाइट गेली की पुस्तक मिटून बसत होती. कमानी, पेव्हर ब्लॉक, बाकडी, सगळं झालं. बॅटरीवर नाव रंगवायला ठळक जागा नसते, हीच तिची खरी अडचण असावी.

वरच्यांनाही सोडत नाही. २०२३ मध्ये केंद्राने चार हजार मेगावॅट-तास बॅटरी साठवणुकीसाठी ३,७६० कोटींचं साहाय्य मंजूर केलं. मोठ्या बॅटऱ्यांच्या निविदांचे दर २०२२ मध्ये दर मेगावॅटला महिना दहा लाखांच्या वर होते, ते सरकारी मदत धरून २०२५ पर्यंत अडीच लाखांच्या आत आले. म्हणजे वस्तू स्वस्त झाली, पैसाही आहे. पण तो कंपन्यांच्या मैदानाएवढ्या बॅटऱ्यांना. सूर्यघर योजनेत अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर मोजलं जातं, साठवणुकीवर नाही. आणि ज्याचं छप्परच नाही त्याला गच्चीवरच्या विजेतला वाटा द्यायचा मार्ग? दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच त्याचे नियम केले, आभासी नेट मीटरिंग या नावाने. एका जागी पॅनेल, आणि त्याची युनिटं अनेक मीटरांवर वाटून जमा.

राहिली ती जुन्या बॅटऱ्यांची गोष्ट, जिच्यामुळे मी खरं तर हा विषय हातात घेतला. चाळीस बॅटऱ्या चार-पाच वर्षांनी मरतात. त्या जातात भंगारवाल्याकडे. नियमाप्रमाणे, म्हणजे २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे, उत्पादकाने त्या परत घेऊन नीट गाळायच्या असतात. वस्तीत मात्र हातोड्याने फोडून शिसं काढलं जातं आणि आम्ल गटारात जातं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने सांगितलं की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात काळजी वाटावी इतकं शिसं आहे, आणि बॅटऱ्या अशा उघड्यावर फोडणं हे त्याचं एक मोठं कारण. शिसं मुलाच्या मेंदूवर बसतं. लक्ष लागत नाही, आठवत नाही. आम्ही शिक्षक त्याला 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवतो.

महापालिकेच्या उमेदवारांना माझे प्रश्न तयार आहेत. शाळेच्या गच्चीचा ठराव कोण मांडणार? डीपीजवळची कचऱ्याची जागा मोकळी करून तिथे दहा बाय बाराची खोली कधी? भाडेकरूचं मीटर यादीत धरणार का? आमच्या गल्लीतल्या तिन्ही बिश्यांच्या बायकांनी हे प्रश्न लिहून घेतले आहेत. त्यातल्या एकीने चौथा घातला, जो मला सुचला नव्हता. बॅटरीच्या खोलीची किल्ली कुणाकडे राहणार?